येतोय की आवाज

दिवाळीच्या पणत्या माळ्यावर गेल्या की थोड्याच दिवसांत तळेगावात तो वास येतो. पिकलेल्या इंद्रायणी भाताचा. पुण्यातल्या लोकांना हा वास कुकरच्या शिट्टीबरोबर येतो, आम्हाला वाऱ्याबरोबर. संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला जावं, तर इंदुरीच्या शेतांकडून आलेल्या वाऱ्याने टॉवेल आणि चादरी त्या वासाने भरलेल्या असतात. पूर्वी हा वास आला की मला भूक लागायची. गेल्या वर्षापासून लाज वाटते. गच्चीवर मी एकटीच असते, बघायला कोणी नसतं, तरी कान गरम होतात. मग मी उगीच चिमटे गोळा करत राहते आणि अंधार पडायच्या आत खाली येते.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, कार्ल्याच्या डोंगराखाली राहतात. मोठ्या रस्त्यापासून जरा आत, जिथे रविवारच्या गाड्यांचे भोंगे ऐकू येतात पण गाड्या दिसत नाहीत, तिथे आमचं घर आणि घरापासून रस्त्याच्या बाजूला उतरत गेलेली भाताची खाचरं. आई गेल्यापासून ते एकटेच असतात. मी तळेगावला असते, ज्युनियर कॉलेजात माहिती तंत्रज्ञान शिकवते. तळेगाव ते कार्ला म्हणजे काही सातासमुद्रापार नव्हे. एसटीत शेजारच्या बाईशी बोलणं जरा रंगलं की फाटा मागे पडतो. ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांनी आईबापांना पडद्यावर भेटावं, हे समजण्यासारखं आहे. मी एकाच तालुक्यात राहून बापाला पडद्यावर भेटत होते, आणि वर चारचौघांत त्याचं कौतुक सांगत होते.

कौतुक कसलं, तर लिनक्सचं. माझा जुना लॅपटॉप धापा टाकायला लागला होता. मी त्यावरचं विंडोज पुसून लिनक्स चढवलं आणि तो पोरासारखा धावायला लागला. फुकट, चोख, कुणाचं मिंधं नाही. स्टाफरूममध्ये कोणी 'माझा कॉम्प्युटर फार हळू चालतो हो' एवढं म्हटलं की बाकीचे हळूच उठून चहाला जात, कारण पुढे मी काय बोलणार हे सगळ्यांना पाठ होतं. हाच लॅपटॉप मी आबांना नेऊन दिला. त्याचा स्वतःचा कॅमेरा मेलेला होता म्हणून वर एक वेगळा कॅमेरा चिकटवला. त्या कॅमेऱ्यात त्याचा स्वतःचा माइक होता. ऐकण्यासाठी बाजूला दोन छोटे स्पीकर जोडले. बोलायचं एका यंत्रातून आणि ऐकायचं दुसऱ्यातून, अशी ती जोडणी. तेव्हा मला ती फार हुशारीची वाटली होती.

उन्हाळाभर उत्तम चाललं. आबांना फोन नको असायचा. 'त्यात नुसती खरखर येतीया,' म्हणायचे. स्पीकरवर मात्र माझा आवाज खणखणीत जायचा. सुरुवातीला तर ते धुतलेली टोपी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून पडद्यासमोर बसायचे, जणू पाहुणे येणार आहेत. 'हितंच बसल्यावानी बोलती की गं तू,' असं म्हणून ते स्पीकरकडे बघायचे, माझ्याकडे नाही.

आई होती तोवर आबांना कमी ऐकू येतं हे आम्हाला कळलंच नव्हतं, कारण त्यांचे कान आईकडे होते. दारात कोणी आलं आणि काही बोललं की आई तेच वाक्य मोठ्याने परत म्हणायची. 'अवो, उद्या नळाला पानी न्हाई म्हनत्यात!' आम्हाला वाटायचं, बाईला प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायची खोडच आहे. मी तिची नक्कल करायचे, आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. ती गेली आणि त्या घरात प्रत्येक वाक्य एकदाच बोललं जाऊ लागलं. याचा अर्थ काय, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

श्रावणातल्या एका रविवारी मी इथे तळेगावात सोफ्यावर बसून, दुरूनच त्यांच्या मशीनमध्ये शिरून, अपडेट चढवलं. तिकडे आबा पडद्यावर आपोआप फिरणारा बाण बघत होते. 'भुतावानी फिरतंय,' म्हणाले. मशीन बंद झालं, पुन्हा सुरू झालं, त्यांचा चेहरा पुन्हा दिसला. मी नेहमीसारखं विचारलं, 'आबा, आवाज येतोय का?'

'येतोय की,' आबा म्हणाले.

झालं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात हे उदाहरण म्हणून सांगितलं. घरबसल्या देखभाल कशी करता येते, वगैरे. मुलांनी माना डोलावल्या. 'समजलं का?' विचारलं तर सगळा वर्ग 'हो मॅऽडम' म्हणाला. इतकी वर्षं शिकवतेय, त्या 'हो मॅडम'चा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. ज्याला काही समजलेलं नसतं तो सगळ्यात मोठ्याने हो म्हणतो.

त्यानंतरचे आमचे संवाद आठवले की आता हसूही येतं आणि मेल्याहून मेल्यासारखंही होतं. मी पडद्यावर आले, ओठ हलवले, की आबांचं पहिलं उत्तर ठरलेलं. येतोय की आवाज. मग ते सुरू व्हायचे. 'आमी बरं हाय. पाऊस लय हाय. तुमी जेवला का? बरं बरं. नातीचा अभ्यास? व्हय व्हय, करायचाच.' मी मध्ये काही विचारलं तर ते माझ्या तोंडाकडे बघत थांबायचे, आणि तोंड मिटलं की 'व्हय' म्हणायचे. मला वाटलं, म्हातारी माणसं अशीच बोलतात, स्वतःच विचारतात आणि स्वतःच उत्तर देतात. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंही होतं. चार मिनिटांत बोलणं संपायचं आणि आपण बापाशी बोललो याचं समाधान रात्रभर पुरायचं.

एकदा माझी मुलगी मुक्ता समोर बसली. नववीतली पोर, कबड्डीच्या संघातून तिला वगळलं होतं. दिवसभर कुणाशी बोलली नव्हती. आजोबांना सांगते म्हणाली. 'आजोबा, मला टीममधून काढलं,' तिने सरळ, कोरड्या आवाजात सांगितलं. आबांचा चेहरा फुलला. 'वा! लय भारी! आता सोडू नगंस!' असं म्हणून त्यांनी टाळी वाजवली. मुक्ता उठून आत गेली. आत जाऊन म्हणाली, 'त्यांना माझं काहीच पडलेलं नाही.' मी तिला समजावलं की आजोबांचं वय झालंय, लक्ष राहत नाही. स्वतःचीही समजूत मी अशीच घातली, आणि विषय संपवला.

आमच्या वाडीत निमंत्रण नसतं, आवाज असतो. 'आवाज दिला' म्हणजे बोलावलं. भात कापणीला आलं की एकमेकांच्या खाचरांत जायची रीत आहे, तिला इर्जिक म्हणतात. आज सगळे तुझ्याकडे, उद्या सगळे माझ्याकडे. मजुरी नाही, फक्त दुपारचं जेवण. त्यासाठी कोणी कुणाच्या घरी सांगायला जात नाही. संध्याकाळी बांधावर उभं राहायचं आणि आवाज द्यायचा. 'आबा होऽऽ, उद्या आमच्याकडं!' पलीकडून उत्तर येतं, 'ओऽऽ!' बस, ठरलं. लहानपणी मी बांधावर बसून हे ऐकायचे. एका बांधावरून आवाज निघायचा, दुसऱ्यावरून ओ यायची, मग तिसऱ्यावरून. सगळं शिवार थोडा वेळ बोलत राहायचं आणि मग घराघरांतून चुलींचा धूर निघायचा. आणि हाकेला ओ आली नाही, तर? त्याचाही अर्थ ठरलेला. तुमचा आमचा संबंध संपला. भावाभावांत बांधावरून तुटतं तेव्हा पहिल्यांदा ओ बंद होते, कोर्ट नंतर येतं.

गेल्या वर्षी याच दिवसांत कॉलेजच्या कामाने मी लोणावळ्याला चालले होते. सोबत कॉलेजातल्याच एक बाई होत्या. फाट्याच्या अलीकडे रस्ता वळतो तिथून आमची खाचरं दिसतात. मी सवयीने मान वळवली. सगळं शिवार कापून झालेलं, जिकडे तिकडे खुंट आणि पेंढ्याचे ढीग, आणि मधोमध एकच तुकडा उभा. पिवळा कसला, तांबूस झालेला, एका बाजूला लोळलेला. त्याच्यावर चिमण्यांचे थवेच्या थवे उठत होते आणि बसत होते.

'बघा हो,' त्या बाई म्हणाल्या, 'सगळ्यांचं उरकलं, हे एकच राहिलंय. माणूस आळशी दिसतोय. नाहीतर मुलंबाळं शहरात असतील, दुसरं काय!'

'असतील,' मी म्हणाले.

एवढंच. खिडकीतून मागे सुद्धा बघितलं नाही. भात पिकल्यावर फार दिवस उभं राहत नाही. दाणा झडतो, चिखलात जातो, आणि मग घरचा तांदूळ नावाला उरतो. आबांच्या जन्मात त्यांचं भात मागे राहिलं नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं आणि आदल्याच दिवशी मी त्यांच्याशी पडद्यावर बोलले होते. कापणीचं काय, असंही विचारलं होतं. ते म्हणाले होते, 'व्हय.'

येताना मी फाट्यावर उतरले. बांधाने जाताना हिरामावशी भेटली. नात्याने मावशी नाही, शेजारीण. तिचं खाचर आमच्या खाचराला लागून. डोक्यावरचा पेंढ्याचा भारा तिने खाली टाकला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

'नंदे, बरं झालं आलीस. तुझ्या बापाला इचार, आमचं काय चुकलं?'

'काय झालं, मावशी?'

'इर्जिकीचा आवाज दिला. मी दिला, आमच्या मालकांनी दिला. ओ न्हाई! पाठ करून उभा ऱ्हायला. दुसऱ्या दिशी परत दिला, तर बी न्हाई. कुनाच्या खाचरात आला न्हाई, मंग ह्याच्याकडं कोन जानार? आता तूच सांग, मानसानं काय समजायचं? पोरगी म्याडम झाली, आता गरज न्हाई आमची.'

तिचा आवाज शेवटी कापला. रागाने बोलत होती पण दुखावली होती. आईच्या आजारपणात याच बाईने तिचे पाय चोळले होते. मी बघते, म्हणाले आणि खाली मान घालून पुढे गेले.

आबा पडवीत दाराकडे पाठ करून बसले होते, विळ्याला धार लावत होते. एकट्याने एक कोपरा कापला होता, तो अंगणातून दिसत होता. मी दारातून हाक मारली. 'आबा!' त्यांनी वळून पाहिलं नाही. पुन्हा मारली. नाही. मला रागच आला. म्हटलं, वाडीवर धरलाय तो धरलाय, आता माझ्यावरही राग धरलाय वाटतं. जवळ जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा ते केवढ्याने दचकले! आणि मग चेहरा असा उघडला की माझा राग कुठे गेला कळलं नाही. 'कवा आलीस? एकटीच? पानी पी. आमी बरं हाय. जेवलीस का?' विचारत राहिले, आणि माझ्या उत्तरासाठी एकदाही थांबले नाहीत.

माणसाशी काय बोलावं हे सुचेनासं झालं की मी यंत्राकडे वळते, ही माझी जुनी पळवाट. लॅपटॉप उघडला. स्पीकरच्या चित्रावर फुली होती. आत जाऊन पाहिलं तर आवाज कुठे जातोय त्या जागी दोन शब्द होते, 'डमी आउटपुट'. लिनक्सला आवाज काढणारं साउंड कार्ड सापडलं नाही की ते एक खोटं कार्ड उभं करतं. सगळा आवाज त्याच्याकडे पाठवला जातो. पडद्यावरची पट्टी हलते, गाणं पुढे सरकतं, कुठेही चूक दाखवत नाही. फक्त बाहेर काही येत नाही.

मी मास्तरीण, पायरीपायरीने गेले. आधी वायर पाहिली. मग बटणं. मग काळ्या खिडकीत आज्ञा देऊन विचारलं, कार्डं किती? एकही नाही, असं उत्तर आलं. मग दुसऱ्या आज्ञेने विचारलं, या मशीनच्या पोटात काय काय बसवलेलं आहे? तर त्या यादीत साउंड कार्ड होतं, आपल्या जागी, नावागावासकट. म्हणजे कार्ड धडधाकट होतं, कुणी ओळखत नव्हतं इतकंच. मग अपडेटच्या आधीचं जुनं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, निवडून मशीन सुरू केलं. कार्ड हजर. पुन्हा नवीन कर्नल, पुन्हा गायब. नवीन अपडेटने त्या कार्डासाठी भलताच ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, निवडला होता. हे अपडेट श्रावणातलं होतं. मी चढवलेलं.

श्रावणापासून! मी तिथेच बसून मनात मागे मागे जात राहिले. गणपती, नवरात्र, दिवाळी. मुक्ताची कबड्डी. रोजचं 'येतोय की'. त्यांच्या कॅमेऱ्याच्या माइकमधून त्यांचं बोलणं मला येत होतं, म्हणून मला काही कळलंच नाही. वर्गात मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते, वापरणारा ठीक आहे म्हणाला तरी एकदा स्वतः जाऊन बघा. फळ्यावर लिहायला काय जातं.

मी वळले आणि त्यांच्यासमोर बसून मोठ्याने विचारलं, 'आबा, हे कधीपासून बंद आहे?'

'काय बंद?'

'आवाज. स्पीकरचा.'

'न्हाई की,' आबा म्हणाले. 'येतोय की आवाज.'

ते माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते, ओठांकडे बघत होते. तेव्हा मला समजलं. सगळंच समजलं, हिरामावशीचंही.

दुरुस्ती काय, एका ओळीची होती. जुनाच ड्रायव्हर वापर, असं एका फाइलीत लिहायचं आणि मशीन पुन्हा सुरू करायचं. स्पीकरमधून टक् असा आवाज आला. मी तपासणीचं बटण दाबलं. त्यात एक बाई इंग्रजीत सांगते, डावा स्पीकर, उजवा स्पीकर. आबांच्या हातातला विळा थांबला. त्यांनी स्पीकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दाराकडे.

'ही बाई कोन?'

'कोणी नाही, आबा. मशीन बोलतंय.'

'आत्ता बोललं? आन मला आलं ऐकायला?' त्यांनी विळा खाली ठेवला. जवळ येऊन स्पीकरला हात लावून पाहिला. 'मंग हे बंद व्हतं,' म्हणाले. आणि जरा वेळाने, अगदी हळू, 'मी न्हाई.'

मी विचारलं, 'तुम्ही सांगितलं का नाही?' विचारताना माझा आवाज चढला होता, जसं काही चूक त्यांचीच होती.

'काय सांगू? तुजं त्वांड हलताना दिसायचं, ऐकायला काय बी न्हाई. म्हनलं, व्हतं तेवढं बी गेलं. तू यवढी शिकलेली, तुजं मशीन कसं बिघडंल? कानच बिघडलं असतील.' त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. 'आन न्हाई म्हनलं असतं, तर तू पडद्यात यायची बी बंद झाली असतीस.'

 तेव्हा मी उठून पाणी प्यायले.

त्या मशीनच्या गप्प राहण्यावरून त्यांनी स्वतःला पार बहिरं ठरवून टाकलं होतं. जे थोडं ऐकू येत होतं त्याच्यावरचाही विश्वास गेला. बोलायची वेळच येऊ नये म्हणून बांधावर पाठ करून उभं राहायचं, चहाच्या टपरीवर जायचं नाही, कोणी समोरून आलं तर वाकून गवत उपटायचं. बहिऱ्याला लोक हसतात, म्हणाले. लहानपणी त्यांनीही एका बहिऱ्या म्हाताऱ्याची फार चेष्टा केली होती, हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं.

कान अगदी ठीक होते असंही नाही. आम्ही बोलत असतानाच हिरामावशीने बांधावरून मला आवाज दिला, चहाला ये म्हणून. मला स्पष्ट आला, त्यांना नाही. मी ओ दिली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि काय झालं ते त्यांनाही कळलं.

'नंदे,' ते म्हणाले, 'कानाचं सांगू नगंस तितं. मशीन बंद व्हतं म्हून सांग.'

आणि मी सांगितलं. हिरामावशीच्या अंगणात चार माणसं चहा पीत बसली होती. मी, माहिती तंत्रज्ञानाची शिक्षिका, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले की मी दिलेला कॉम्प्युटर बिघडला होता, त्याच्या आवाजाने आबांचे कान काही दिवस बसले होते, त्यांचा कुणावर राग नाही.

'क्यांपुटरनं कान बसत्यात व्हय?' हिरामावशीच्या मालकांनी विचारलं.

'बसतात,' मी म्हणाले. ज्या मशीनमधून श्रावणापासून टाचणीएवढाही आवाज निघाला नव्हता त्याच्यावर मी हा आळ घेतला. माझ्या लाडक्या लिनक्सची इतकी बदनामी त्याच्या शत्रूनेही कधी केली नसेल.

'तरी म्हनलं, ते लय वंगाळ असतंय,' कोणीतरी म्हणालं.

हिरामावशी कपबश्या गोळा करत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, 'आगं मंग पोरीनं यायचं की बघायला. क्यांपुटर कशाला धाडायचा?'

  चुकलं, एवढंच मी म्हणाले, आणि ते या सगळ्या बनावातलं एकमेव खरं वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे आले. मी कॉलेजला रजा कळवली आणि विळा घेतला. दोन ओळी कापल्या, हाताला फोड आले, मग मला स्वयंपाकाला पाठवून दिलं. अर्धाअधिक दाणा झडून गेला होता. उरलेल्या पेंढ्या उचलताना खाली दाण्यांचा सडा पडलेला दिसायचा आणि बायका त्याच्यावर पाय पडू नये म्हणून जपून चालायच्या. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. आबा मात्र जेवताना इतके बोलले, इतके बोलले, की आईची आठवण आली. हिरामावशीने त्यांचं गुपित ओळखलं होतं असं मला आता वाटतं, कारण त्या दिवसापासून ती बांधावरून आवाज देत नाही. खाचर ओलांडून येते, त्यांच्या पुढ्यात उभी राहते आणि मग बोलते. वाडीत बाकीच्यांनीही तिचं बघून तेच सुरू केलं. माझ्याकडे मात्र अजून कोणी ना कोणी हसत चौकशी करतं, काय नंदाबाई, क्यांपुटर बरा हाय का?

मुक्ताला मी सगळं सांगितलं.  मग पडद्यावर जाऊन तिने आजोबांना कबड्डीचं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, आणि आबांनी त्या शिक्षकांना अशा शिव्या घातल्या की मला मध्ये पडावं लागलं.

आता आबांच्या एका कानात छोटं यंत्र आहे. टोपी त्या बाजूला जरा खाली ओढून घालतात, म्हणजे दिसत नाही असं त्यांना वाटतं. मीही जास्त वेळा जाते. जास्त म्हणजे किती, हे कोणी विचारू नये. कामं असतात, पेपर असतात, आणि पडदा आहेच. माणूस एवढ्या लाजेने सुधारत असता तर काय हवं होतं.

कारण परवाचीच गोष्ट. स्टाफरूममध्ये चाचणीचे पेपर तपासत बसले होते. आबांचा व्हिडिओ कॉल आला. आजूबाजूला लोक, म्हणून मी आवाज अगदी बंद केला आणि फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून समोर ठेवला. ते बोलत होते. मी पेपर तपासत होते आणि मध्ये मध्ये वर बघून मान डोलवत होते. 'हो आबा. हो हो. बरं.' लाल पेन चालू होता.

एकदा वर पाहिलं तर त्यांचे ओठ हलत नव्हते. ते नुसते माझ्याकडे बघत होते. किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. मग त्यांनी हात उचलून कानामागे धरला आणि हनुवटी वर करून मला विचारलं. शब्द नाही, नुसती खूण.

मी घाईने आवाज वाढवला. घाईत तो पार शेवटपर्यंत गेला.

'सांग, काय म्हनलो मी?'

जिभेवर उत्तर तयार होतं. तेच, त्यांचंच. येतोय की आवाज. स्टाफरूममधली सगळी डोकी वर झाली होती. मी पेन खाली ठेवला.

'ऐकू नाही आलं, आबा.'

'मशीन बिघडलं?'

'नाही. मशीन चांगलं आहे.'

 मला वाटलं, आता बोलतील काहीतरी, आणि मी ते ऐकून घ्यायची तयारी केली. त्यांनी टोपी सारखी केली, छाती भरून श्वास घेतला, आणि बांधावर उभं राहून देतात तसा, अख्ख्या स्टाफरूमला ऐकू जाईल असा आवाज दिला.

'नंदे होऽऽ! रविवारी कापनी हाय आपल्याकडं!'

सगळे बघत होते. माझे कान तापले होते.

'ओऽऽ!' मी म्हणाले.